शर्मीच्या घोरण्यावरचे उपाय

रविवार, २ नोव्हेंबर

दुसरीच्या वर्गात डबे खाऊन झाले की सिस्टर फिलोमिना हातातली घंटा एकदा वाजवायच्या आणि आम्ही अडतीस मुली डोकी बाकावर टेकवायचो. वीस मिनिटं. डोळे मिटलेले, हातांची घडी कपाळाखाली, बाकाला शाईचा आणि कुणाच्या तरी लोणच्याचा वास. माझ्या उजव्या कोपराला शर्मीचं डावं कोपर लागलेलं असायचं. एका दुपारी त्या शांततेत कोणीतरी घोरलं. मी गाढ झोपेत होते, मला काही ऐकू आलं नाही. जाग आली ती सगळा वर्ग हसत होता म्हणून. सिस्टरनी विचारलं, कोण ते? आणि शर्मी उठून उभी राहिली. तिला शाळा सुटेपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभं केलं. मला त्या शुक्रवारी शांतपणे विश्रांती घेतल्याबद्दल 'गुड कंडक्ट'ची निळी रिबीन मिळाली. अजून आहे ती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

हे आज आठवायचं कारण, शर्मी सकाळी येऊन गेली. तिची जोगेश्वरीची बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय आणि तीस तारखेपर्यंत घर रिकामं करायचंय. नवीन घर मिळेपर्यंत तीन वर्षं. भाचा राजेश तिला नाशिकला बोलावतोय. मी म्हटलं, नाशिकला कशाला जातेस, माझ्याकडे ये. श्यामसुंदर गेल्यापासून सहा वर्षं मी या दिंडोशीच्या घरात एकटी आहे. बेडरूममध्ये दोन पलंग आहेत आणि त्यातल्या एकावर नुसत्या इस्त्रीच्या साड्या झोपतात.

शर्मीने चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाली, "बघू गं."

शर्मीचं 'बघू' म्हणजे नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, दिवसाचा काही प्रश्न नाही, प्रश्न रात्रीचा आहे, एका खोलीत झोपायचं म्हणजे… आणि तिथेच थांबली. चेहरा लाल झाला तिचा. माझ्या लगेच लक्षात आलं. बिचारीला अजून आपल्या घोरण्याची लाज वाटते. लग्न न करण्याचं कारणही हेच असेल का, असं मनात आलं, पण ते विचारण्याइतकी मी निर्दय नाही.

मी ठरवलंय. तीस तारखेच्या आत शर्मीचं घोरणं बरं करायचं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल दिवसभर आठवून आठवून शर्मीची लक्षणं लिहून काढली. कुठेही मुक्कामाला गेलो की सकाळी तिचे डोळे लाल. जांभया. चिडचिड. फेब्रुवारीत केळव्याला दोन रात्री एका खोलीत होतो, तर दोन्ही दिवस ही बाई किनाऱ्यावर टोपी तोंडावर घेऊन झोपलेली. मी एकटीच शंख-शिंपले गोळा करत होते. आणि एक विचित्र गोष्ट: पहाटे मला जाग आली तेव्हा शर्मी माझ्या उशाशी बसलेली आणि तिचं बोट माझ्या नाकासमोर. काय गं, म्हटलं, तर म्हणाली, "डास होता." झोप नीट झाली नाही की माणूस असा डासांच्या मागे लागतो.

मी स्वतः तिला घोरताना कधी ऐकलेलं नाही हे खरं आहे. पण माझ्या ऐकण्यावर काय भरवसा, मी पडले की गेले. देवाची कृपा. श्यामसुंदरला मात्र माझ्यासारखी झोप नव्हती. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यापासून तो हॉलमध्ये झोपायला लागला, त्याला हॉलमधला पंखा आवडायचा. श्रेयस आणि सूनबाई गंधाली बंगळुरूहून येतात तेव्हा मुलुंडला तिच्या आईकडे उतरतात, कारण तिथे एसी आहे. मी एसी घ्यायचं मनावर घेतलं पाहिजे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

शर्मीला घेऊन मिहिरकडे गेले. त्याचा गोरेगावला कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. चौथीत माझा विद्यार्थी होता, बाकाखाली बसून डबा खायचा. आता डोक्यावर केस कमी झालेत, पण मी आत गेले की अजून उठून उभा राहतो.

त्याने फार नीट समजावून सांगितलं. घोरणं हा नुसता आवाज. पण काही जणांचा घसा झोपेत इतका सैल पडतो की श्वासच अडतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग मेंदू दचकतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. उठल्यावर डोकं जड, दिवसा पेंग, रक्तदाब चढलेला, हृदयावर ताण. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मी घाबरले. रक्तदाब शर्मीला नाही, मला आहे, पण तिलाही व्हायला किती वेळ लागतो?

मग त्याने प्रश्न विचारले. टीव्ही बघताना झोप लागते का? वाचताना? समोरचा माणूस बोलत असताना? शर्मी म्हणाली, "हिलाच विचारा. हिला सगळं माहीत आहे." मी तिच्या वतीने उत्तरं दिली, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून मधूनमधून माझेही अनुभव सांगितले. मिहिरने नेमके माझेच अनुभव लिहून घेतले. नंतर गळ्याचं माप घ्यायला टेप काढली आणि ती माझ्या मानेभोवती धरली. मी म्हटलं, अरे, पेशंट ती आहे. त्याने शर्मीकडे बघितलं. शर्मी छताकडे बघत होती. "तुलनेसाठी, टीचर," तो म्हणाला. पद्धत चांगली आहे. आमच्या वेळचे डॉक्टर एवढं करत नसत.

घरच्या घरी झोपेची तपासणी करायचं यंत्र मिळतं, ते पुढच्या आठवड्यात येईल. तोवर वजन उतरवा, पाठीवर झोपू नका, घशाचे व्यायाम करा. सौम्य असेल तर दातांचे डॉक्टर तोंडात बसवायची पट्टी करून देतात, ती खालचा जबडा पुढे धरते. जास्त असेल तर रात्री मास्क लावून हवा देणारं मशीन. क्वचित कोणाला ऑपरेशन.

मी चौतीस वर्षं शिकवलं. स्वतः आधी करून न बघितलेला गृहपाठ मुलांना कधी दिला नाही. म्हणून सगळे उपाय आधी मी करणार, मग शर्मी. तिला सांगितलं तर म्हणाली, "हो हो. आधी तूच." इतक्या पटकन ती कधी कशाला हो म्हणत नाही. माझ्यावर फार विश्वास आहे तिचा.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज मी बिबट्याच्या तावडीतून वाचले.

वजन उतरवायचं म्हणून चार दिवस आम्ही सकाळी आरेच्या जंगलात चालायला जातोय. आज तबेल्यांच्या अलीकडच्या बाकावर जरा टेकले. डोळे मिटले असतील दोन मिनिटं. उघडले तर समोर पंधरा-वीस माणसं लांब उभी, एकाच्या हातात मोबाइल, आणि काठी घेतलेला रखवालदार झुडपात वाकून बघतोय. कोणीतरी गुरगुरणं ऐकलं होतं. अगदी जवळून, म्हणे, या बाकाच्या आसपासच. एक गृहस्थ शपथेवर सांगत होते की आवाज मध्येच बंद व्हायचा आणि मग एकदम मोठ्याने यायचा, म्हणजे जनावर दबा धरून बसलेलं असणार.

शर्मीने रखवालदाराला बाजूला नेलं आणि त्याच्याशी काहीतरी बोलली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग काठी खांद्यावर टाकून म्हणाला, "चला, चला, काही नाही, म्हैस आहे." शर्मी परत आली तर तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्या जिवावर बेतलं असतं या विचाराने तिला किती लागलं होतं. मी तिचा हात धरला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते.

श्रेयसला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, बिबट्याचं काय झालं मग? मुलांना आईची काळजी नसते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जुन्या गाऊनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. पाठीवर वळलं की तो टोचतो आणि माणूस कुशीवर जातो. दोन रात्री केलं. उपाय चांगला आहे, पण काल सकाळी दार उघडायला गेले तेव्हा गाऊन उलटा घातलेला होता हे दूधवाल्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

तोंडात बसवायच्या पट्टीसाठी दातांच्या डॉक्टरकडे वेळ लागणार, म्हणून मी खेळाच्या सामानाच्या दुकानातून बॉक्सिंगवाल्यांची आणली. गरम पाण्यात घालून चावायची. तिने जबडा पुढे आला, पण ती तोंडात असताना स्तोत्र म्हणता येत नाही. मिहिरला फोनवर सांगितलं तर तो पहिल्यांदाच माझ्यावर रागावला. ती वस्तू वेगळी, ही वेगळी, टीचर, उगाच काही करू नका. बरोबर आहे त्याचं. काढून टाकली.

घशाच्या व्यायामासाठी शेजारच्या दत्तारामभाऊंकडून शंख मागून आणला. ते मालवणचे, गिरणी बंद पडल्यावर इकडे राहायला आले, रोज सकाळी पूजेला शंख वाजवतात आणि तो खाली रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जातो. मी गॅलरीत उभी राहून वीस मिनिटं फुंकत होते. भाऊ शेजारच्या गॅलरीत येऊन म्हणाले, "बाईंनू, शंख फुकतास की सायकलीत हवा भरतास?"

शर्मीला म्हटलं, आता तू फुंक. तिने पहिल्याच फुंकीत असा वाजवला की खालची कुत्री उठली. घसा किती मजबूत आहे तिचा. तरी घोरते. शास्त्राला याचं उत्तर नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

काल तपासणीचं यंत्र आलं. शर्मीच्या घरी खोक्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही, म्हणून ती रात्री इकडे आली. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. शर्मी म्हणाली, मला भीती वाटते, आधी तू लावून दाखव. मी लावलं. आडवी होऊन दाखवलं, बघ, काही होत नाही, पाच मिनिटं पडते फक्त.

जाग आली तेव्हा साडेसात वाजले होते. यंत्र टेबलावर डब्यात नीट ठेवलेलं आणि शर्मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दुसरा कप कॉफी पीत होती, डोळे टोमॅटोसारखे. म्हटलं, तू लावलंस ना गं? म्हणाली, "झालं सगळं, तू काळजी करू नकोस. तूच काढून दिलंस मला, आठवत नाही?"

मला काही आठवत नाही. पण काम झालं हे महत्त्वाचं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. पेशंटचं नाव, शर्मिष्ठा. तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबला. एकदा तर पूर्ण त्रेपन्न सेकंद. रक्तातला ऑक्सिजन शहात्तरपर्यंत उतरला. तीव्र, असं लिहिलंय.

मी घड्याळ समोर ठेवून त्रेपन्न सेकंद श्वास धरायचा प्रयत्न केला. बाविसाव्या सेकंदाला सोडला.

एकेचाळीस वेळा, तासाला. आणि हातभर अंतरावर मी सुखाने झोपले होते. हे नाशिकला घडलं असतं तर? राजेश चांगला मुलगा आहे, पण तो वेगळ्या खोलीत झोपणार. कोण बघणार तिच्याकडे रात्री? शर्मीला फोन केला आणि मला बोलताच येईना, रडू आलं. तिने मला आधी नाक शिंकरायला लावलं. मग म्हणाली, "रडू नकोस, माणकू. यावर उपाय आहे. तू करशील ना उपाय? वचन दे." मी म्हटलं, तू करशील ना हा प्रश्न आहे. ती म्हणाली, "तू केलास की माझा झालाच."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मिहिर म्हणाला, एवढ्या तीव्र त्रासाला मशीनच पहिलं. बाकीचं सोबत चालू ठेवायचं. रात्रभर मास्कमधून हवेचा हलका दाब राहतो, तेवढ्याने घसा मिटत नाही. पहिले दिवस कंटाळवाणं वाटतं, कोरडं पडतं, नाक चोंदतं, तर मशीनच्या टाकीत शुद्ध पाणी घालायचं आणि हार मानायची नाही.

त्याने चिठ्ठी लिहून दिली. वर माझं नाव. माणिक. मी पर्समधलं लाल पेन काढलं, नाव खोडलं, वर नीट अक्षरात 'शर्मिष्ठा' लिहिलं आणि समासात शेरा दिला, 'नाव काळजीपूर्वक वाचावे.' सवय जात नाही. मिहिर म्हणाला, टीचर, मला तुम्हाला एक गोष्ट स्पष्टच सांगायची आहे. मी म्हटलं, आधी पोक काढू नकोस, सरळ बस. तो सरळ बसला. मग त्याने शर्मीकडे बघितलं, शर्मीने मान हलवली, आणि तो म्हणाला की पहिले पंधरा दिवस मशीन मीच वापरायचं. रोज, रात्रभर, एकही दिवस न चुकता. पंधरा दिवसांनी तो मला सगळं सविस्तर सांगणार आहे, मी कितीही टोकलं तरी. मास्कही त्याने माझ्याच चेहऱ्यावर बसवून बघितला.

माझी गृहपाठाची पद्धत त्याने पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत लक्षात ठेवली. शिक्षकाला आणखी काय हवं असतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मास्क लावून आरशात बघितलं. हत्तीच्या पिल्लाला सोंड लावून स्नेहसंमेलनात उभं केल्यासारखी दिसते. तोंड उघडलं की हवा बाहेर येते, म्हणून आपोआप तोंड बंद राहतं. श्यामसुंदरला हे यंत्र आवडलं असतं.

रात्री दोनदा काढला, दोनदा लावला. शर्मीसाठी.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी डोकं दुखत नाही. मला वाटायचं डोकं सगळ्यांचंच दुखतं सकाळी.

दत्तारामभाऊ जिन्यात भेटले. म्हणाले, "चार दिस झाले, पंपाचो आवाज येणा नाय. बरो केल्यानी दुरुस्त." सोसायटीने पाण्याचा पंप दुरुस्त केलाय हे मला माहीतच नव्हतं. भाऊंची खोली माझ्या बेडरूमच्या भिंतीला लागून आहे, तिथे त्यांना वर्षानुवर्षं तो आवाज यायचा, बिचारे. मला कधी आला नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पेपरातलं शब्दकोडं एका बैठकीत पुरं झालं. याआधी आडवे शब्द झाले की उभ्याच्या आत मान पडायची. दुपारी झोपले नाही. पडदे धुतले, श्रेयसला फोन केला आणि त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. तो घाबरला. आई, तुला बरं वाटत नाही का?

हे सगळं आरेतल्या हवेमुळे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

राजेशने रविवारचा टेम्पो ठरवलाय. नाशिकला.

मी जोगेश्वरीला गेले. शर्मीचं घर नुसतं खोक्यांचं, तिने स्वयंपाकघरातही एकच पातेलं बाहेर ठेवलेलं. मी म्हटलं, मशीन मी नऊ दिवस वापरून बघितलं, उत्तम आहे, उद्यापासून तू लाव, रविवारी माझ्याकडे ये. ती खोक्यावर बसली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तीस वर्षं नोकरी केली आणि तिथे जसा शांत आवाज लावायची, तसा लावून म्हणाली, "मला तुझ्याकडेच यायचंय. नाशिकला मी कोणाशी भांडू? पण मला रात्रपाळी नाही झेपत आता. वय झालं माझं. मला झोप हवी, माणकू. निवांत, काळजी न करता."

अजून तिला एक्स्चेंजच्या रात्रपाळीची स्वप्नं पडतात हे ऐकून माझा जीव तुटला. मी म्हटलं, एक रात्र ये. मशीन आहे, दुसरा पलंग आहे, साड्या मी उचलते. झोप नाही लागली तर जा नाशिकला, मी अडवणार नाही.

ती म्हणाली, मशीन तू लाव, मी नुसती झोपून बघते. हट्टी आहे. पण येतेय.

शनिवार, २९ नोव्हेंबर

हे मी सकाळी आठ वाजता लिहिते आहे. शर्मी आत झोपलीय.

काल रात्री मी मास्क लावला, तिने दिवा मालवला. साडेसहाला मला जाग आली. आपली आपण, कोणी न हलवता. मशीन बंद केलं, मास्क काढला. खिडकीतून उजेड यायला लागला होता आणि शेजारच्या पलंगावर शर्मी झोपली होती.

छप्पन्न वर्षांत मी शर्मीला झोपलेलं कधी बघितलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. शाळेच्या सहलीत नाही, लग्नाच्या आदल्या रात्री नाही, केळव्याला किनाऱ्यावर तर तोंडावर टोपी होती. आम्ही कुठेही गेलो तरी ती माझ्या नंतर झोपायची आणि माझ्या आधी उठायची. पाठीवर झोपली होती, तोंड मिटलेलं, एक हात पोटावर.

मी घोरण्याची वाट बघत बसले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. आवाज नाही. दत्तारामभाऊंच्या नळाचा थेंब ऐकू येत होता, शर्मी येत नव्हती. अर्धा तास झाला आणि मला भीती वाटायला लागली. त्रेपन्न सेकंद, शहात्तर ऑक्सिजन. मी उठले, तिच्या उशाशी बसले आणि श्वास चालू आहे ना बघायला बोट तिच्या नाकासमोर धरलं.

गरम, सावकाश, एकसारखा श्वास.

आणि बोट तसंच धरून मी बसून राहिले. कारण हे बोट मी आधी बघितलं होतं, फक्त दुसऱ्या बाजूने.

मग सगळं एका मागोमाग एक येत गेलं. मिहिरची टेप, मिहिरची चिठ्ठी, भाऊंचा पंप, बिबट्या. अरे देवा, बिबट्या. श्यामसुंदर आणि त्याचा पंखा. आणि सगळ्यात मागे, सगळ्यात लहान, सात वर्षांची एक मुलगी, जी माझ्या कोपरापासून आपलं कोपर काढून घेते आणि उठून उभी राहते.

शर्मीने एक डोळा उघडला. "काय गं?"

मी म्हटलं, "डास होता."

तिने माझ्याकडे बघितलं. मग डोळा मिटून घेतला आणि कुशीवर वळता वळता विचारलं, "मेला का?"

"मेला."

"बरं झालं," ती म्हणाली. "फार वर्षं त्रास दिला मेल्याने." आणि पुन्हा झोपली.

(रात्री.) साडेदहाला उठली. चहा न घेता आधी राजेशला फोन केला. टेम्पो दिंडोशीला वळव, म्हणाली, दुसरा मजला, लिफ्ट आहे. मी ओट्याशी पाठ करून उभी होते. पोहे जरा खारट झाले. दोघींनीही ते संपवले.

रविवार, ३० नोव्हेंबर

अकराला टेम्पो येईल. त्याआधी कपाट रिकामं करायचंय, आणि ज्याचं त्याला द्यायचंय. डोकं स्वच्छ आहे तेव्हाच लिहून ठेवते. पुढे मी विसरले, किंवा काही झालंच, तर शर्मीने या पानाप्रमाणे करावं.

शंख दत्तारामभाऊंना परत, धुऊन, सोबत नारळाच्या वड्यांचा डबा. त्यांना सांगावं की पंप आता बिघडणार नाही, आणि पंप कोणता ते विचारलंच तर खरं सांगावं. ते हसतील, हसू द्यावं.

वड्यांचा दुसरा डबा आरेतल्या त्या काठीवाल्या रखवालदाराला. माणूस सभ्य आहे. एवढ्या लोकांसमोर म्हैस म्हणाला, माझं नाव नाही घेतलं.

मिहिरला त्याची चिठ्ठी. मी माझा शेरा खोडलाय, माझं नाव पुन्हा लिहिलंय आणि दहापैकी दहा दिलेत. त्याला सांगावं की पंधराव्या दिवशी मला जे सविस्तर सांगायचं होतं ते सांगायला हरकत नाही. मी मध्ये बोलणार नाही. पोकही काढू दे.

चेंडूचा गाऊन कोणालाही देऊ नये. तो मी घालणार आहे, कुशीवर झोपायला तो खरंच बरा पडतो, मशीन असलं तरी. बॉक्सिंगची पट्टी टाकून द्यावी. ती दूधवाल्याच्या दृष्टीस पडू नये.

हॉलमधला सोफा-कम-बेड, नवीन चादर घालून, श्रेयस आणि गंधालीला. नाताळात इथे उतरा म्हणावं. एसी नाही, पण आता लागणार नाही.

श्यामसुंदरला मोगऱ्याचा गजरा. त्याचा फोटो बेडरूममध्ये आणून लावावा, माझ्या पलंगासमोर. तेहतीस वर्षं तो पंखा आवडतो म्हणाला. तो पंखा दर पावसाळ्यात कुरकुर करायचा, हे मला आत्ता आठवतंय.

मशीन माझं. मी असेपर्यंत कोणालाही वापरून बघायला देणार नाही, शर्मीलाही नाही.

खिडकीकडचा पलंग, कपाटाचे वरचे तीन कप्पे, आणि सकाळी हवं तितका वेळ झोपायचा हक्क शर्मीला.

आणि बिस्किटांच्या डब्यातली निळी रिबीनही शर्मीला. हे काम मात्र मी स्वतः करणार, टेम्पो यायच्या आत. हातात द्यायची नाही, काही बोलायचं नाही. तिच्या नव्या उशीच्या अभ्र्याला पिनेने लावायची, डाव्या बाजूला, सिस्टर आमच्या फ्रॉकला लावायच्या तशी.